धूर गुळानं जातो

हिंदुराव जाधव जानेवारीत, संक्रांत झाली त्याच आठवड्यात, सांगलीच्या एका रुग्णालयात वारले. सकाळची वेळ होती. फुप्फुसांच्या जुनाट आजाराने अचानक उचल खाल्ली आणि श्वसन बंद पडले, असे मृत्यूचे कारण नोंदले गेले. त्यांनी साठी ओलांडली होती. व्यवसायाच्या जागी 'शेतमजूर' असे लिहिले आहे. ते शेतमजूर नव्हते. ते गुळव्या होते.

गुळव्या हा गुऱ्हाळातला मुख्य कारागीर. उसाचा रस काहिलीत, म्हणजे माणूस आडवा मावेल एवढ्या लोखंडी कढईत, उकळत असतो. तिच्याखाली जमिनीत खणलेले चुलवाण असते आणि त्यात रस काढून वाळवलेली उसाची चिपाडे जळत असतात. मळी वर येते, ती काढतात. रस आटतो, पाक दाटतो. काहील कोणत्या क्षणी उतरवायची, ते गुळव्या सांगतो. घाई झाली तर ढेप घट्ट होत नाही, उशीर झाला तर गूळ करपतो. हिंदुराव निम्म्याहून अधिक आयुष्य हे एवढेच ठरवत होते. त्याआधी ते चुलवाणाच्या तोंडाशी बसून चिपाडे सारणारे चुलव्या होते. दिवाळी ते शिमगा हे महिने त्यांनी कळत्या वयापासून धुरात काढले होते.

त्यांचे घर शिराळा तालुक्यात, आमच्या घराला लागून. गुऱ्हाळ कराड तालुक्यात. हंगामात ते तिथेच राहत आणि आठवड्यातून एकदा घरी येत. मी साताऱ्याला नोकरीला असल्याने सणासुदीपुरता गावी जातो. दोन्ही घरांत एक भिंत सामाईक आहे. हिंदुराव घरी आले आहेत की नाहीत, ते पहाटे भिंतीतून कळायचे. आधी एक कोरडा खोकला, मग बराच वेळ काही नाही, मग एकापाठोपाठ एक, आणि शेवटी शिट्टीसारखा लांबलेला श्वास. माझी आई म्हणायची, "अण्णा उठले."

माणूस बुटका, काटकुळा आणि ताठ. अंगात बंडी, डोक्याला टॉवेल. भुवया जवळजवळ नव्हत्याच. काहिलीच्या वाफेत आणि ठिणग्यांत त्या इतक्यांदा गेल्या होत्या, की पुढे उगवेनाशा झाल्या. त्यामुळे चेहऱ्यावर कायम थोडे आश्चर्य दिसे. काहिलीसमोर ते डावा हात कमरेवर ठेवून उभे राहत. तिथे बसायचे नाही, हा त्यांचा नियम होता. कोणी पोत्यावर टेकला की त्याला उठवत. "काहिलीम्होरं बसू नगं. तू बसलास की गूळबी बसंल आन् मग उठायचा न्हाई."

पाक पाहण्यासाठी ते उकळत्या काहिलीतला थेंब थंड पाण्यात टाकून त्याची बोटांत गोळी करत. ती काहिलीच्या काठावर आपटून आवाज ऐकत. ते आवाज ऐकत असताना बोलायला बंदी होती. एकदा मालकांचे व्याही गुऱ्हाळ बघायला आले होते आणि मोठ्याने शेतीचे भाव सांगत होते. हिंदुराव मान न वळवता म्हणाले, "पावणं, जरा गप बसा. गूळ काय म्हंतोय त्ये ऐकूया." व्याही गप बसले. मालक नंतर रागावले, पण हिंदुरावांना काही बोलले नाहीत. हिंदुरावांच्या गुळाला कराडच्या सौद्यात गिऱ्हाईक होते.

तो गूळ काळपट असे. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून पाकात रासायनिक पावडर टाकण्याची पद्धत सगळीकडे पडली. हिंदुराव ती टाकू देत नसत. रानभेंडीचे खोड ठेचून त्याच्या चिकाने ते मळी काढत. एका व्यापाऱ्याने त्यांना तोंडावर विचारले, "अण्णा, एवढी सगळी कला, आन् रंग असा कसा ओ?"

"गोरा पायजे व्हय?" हिंदुराव म्हणाले. "मग पोरगी बघाय जावा. हितं कशाला आलाय?"

व्यापारी हसला आणि गूळ घेऊन गेला. हा किस्सा गावात अनेक जण सांगतात आणि प्रत्येक जण आपण तिथे होतो असे म्हणतो.

प्रत्येक आधण, म्हणजे एका काहिलीचा गूळ, उतरले, की हिंदुराव वाफ्यात, म्हणजे गूळ निवायच्या उथळ हौदात, ओतलेल्या गुळाच्या कडेचा गरम तुकडा खरवडून काढत आणि वाटत. पहिला तुकडा चुलव्याला, कारण तो धुराच्या सर्वांत जवळ. मग बाकीच्यांना. शेवटचा स्वतःला. ही वाटणी त्यांना त्यांच्या उस्तादाने घालून दिली होती आणि उस्तादाला त्याच्या उस्तादाने. तिचे कारण एका वाक्यात होते: "धूर नाकानं येतो, गुळानं जातो." गूळ छाती धुतो, घशात बसलेली काजळी पोटात उतरवतो, अशी त्या भागातल्या सगळ्या गुऱ्हाळांत समजूत आहे. गिरणीत, खडी फोडणाऱ्यांत, कापूस पिंजणाऱ्यांतही ती आहे. कोणी तुकडा नाकारला, तर हिंदुराव म्हणत, "फुप्पुसं काय सासऱ्यानं आंदण दिल्यात व्हय? खा गुमान." उसाच्या ट्रॉलीचा एक ड्रायव्हर म्हणाला, "अण्णा, मला साखर हाय." हिंदुरावांनी तुकडा त्याच्या हातावर ठेवला. "साखर हाय न्हवं? ह्यो गूळ हाय."

त्यांनी आयुष्यात बिडी ओढली नाही. याचा त्यांना अभिमान होता आणि आजाराच्या बाबतीत हाच त्यांचा मुख्य युक्तिवाद होता. "बिडी वडणाराची छाती जाती. माझी कशानं जाईल?" छातीत कफ दाटला, ताप आला, की त्यांच्या मते थंडी बाधलेली असे. गावातल्या डॉक्टरांची सुई घ्यायची, दोन दिवस पडून राहायचे, परत काहिलीवर. पावसाळ्यात चुलवाण थंड असे. तेव्हा खोकला कमी होई आणि मागचे दुखणे गुळाने बरे झाले, असा निष्कर्ष निघे.

पण प्रत्येक दुखण्यानंतर काहीतरी कमी होत होते. ते त्यांच्या पत्नीने, अक्काताईंनी, मला नंतर सांगितले. त्या ज्वारी निवडत होत्या आणि निवडता निवडता बोलत होत्या.

"पयल्या दुखण्यात त्येंचं लांबनं हाक मारनं गेलं. आदी शिवारातनं हाक मारली तर मला चुलीपाशी ऐकू यायाची. मग चढ गेला. देवळाच्या पायऱ्या मधीच बसून चढायचं. मग हसनं गेलं. हसाय लागलं की खोकला यायाचा, म्हनून हसायचंच सोडलं. दुसऱ्याला हसवायचं आन् सोता त्वांड फिरवून बसायचं."

अलीकडच्या दोन हंगामांत त्यांनी काहिलीसमोरचा नियमही मोडला. आधी चिपाडाच्या भाऱ्याला टेकू लागले, मग मालकांनी प्लॅस्टिकची खुर्ची दिली. खुर्चीवर बसून ते गोळी वाजवत.

त्याच काळात पुण्याहून एक तरुण खरेदीदार गुऱ्हाळावर आला. पावडर न घातलेला काळपट गूळ शहरात आता महाग विकला जातो. त्याला हिंदुरावांचा फोटो हवा होता, काहिलीत फावडे फिरवताना, हसत. हिंदुराव उभे राहिले, फावडे धरले, हसण्याचा प्रयत्न केला आणि खोकल्याने वाकले. फोटो बऱ्याच वेळाने निघाला. त्यात ते हसत नाहीत. महिन्याभराने खोक्यांवर लावलेली लेबले आली. एकावर त्यांचा फोटो आणि खाली मजकूर. हिंदुरावांनी ते घरी आणले आणि सुनेला, रूपालीला, वाचायला लावले. त्यांचा मुलगा लष्करात आहे, बाहेरच्या राज्यात. घरात बारावी झालेली सूनच सगळे कागद वाचते.

तिने वाचले, "नैसर्गिक गूळ. अँटिऑक्सिडंटने परिपूर्ण."

"म्हंजी काय?"

"शरीराची झीज होऊ देत न्हाई, असं काय तरी असतंय, मामा."

"त्येच तर मी सांगतूय," हिंदुराव म्हणाले. लेबल त्यांनी देवळीत, देवाच्या तसबिरीला टेकवून ठेवले.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात ते खुर्चीतून उठू शकले नाहीत. चुलवाणावर महादू नावाचा चुलव्या होता, त्यांच्या हाताखाली तयार झालेला. तो सांगतो, "अण्णांचं व्हट जांभळासारखं झालं हुतं. बोलत हुतं, पर एका येळी एकच शबुद." मालकांच्या जीपमधून त्यांना आधी कराडला आणि तिथून सांगलीला नेले.

सांगलीच्या रुग्णालयात छातीच्या आजारांच्या डॉक्टर एक बाई आहेत. त्यांच्या विभागात तेव्हा एक अभ्यास चालू होता. फुप्फुसांचा जुनाट आजार असलेल्या माणसाचा त्रास एकदम भडकला, की त्या वेळी त्याच्या रक्तातली अँटिऑक्सिडंटची पातळी मोजायची आणि तोच माणूस बरा झाल्यावर, स्थिर असताना, पुन्हा मोजायची. दोन्हींत किती फरक पडतो, ते पाहायचे. एका माणसाचे दोन नमुने, एक भडक्यातला आणि एक बरे झाल्यावरचा. दोन्ही असले तरच तो माणूस अभ्यासात धरला जाई.

हिंदुराव दोन दिवसांनी बोलण्यासारखे झाले, तेव्हा डॉक्टरांनी त्यांची संमती घेतली. रूपाली तिथे होती. तिने आणि डॉक्टरांनी सांगितलेले संभाषण जवळजवळ सारखे आहे.

"माजं रगत कशाला पायजे?"

"शेताला राखण असते ना, अण्णा? तशी फुप्फुसालाही असते. धूर, धूळ, जंतू आत आले की ही राखण त्यांना अडवते. तुमच्या राखणीला रोज एवढा धूर, की ती आधीच थकलेली. त्यात असा भडका उडाला, की आहे तीही खर्ची पडते. मग कोणीही आत शिरतं. ती किती उरली, ते रक्तात बघायचं."

"आन् परत कवा भरती राखण?"

"हळूहळू. काही आठवडे लागतात. तोवर धुराजवळ जायचं नाही. चुलवाण नाही, घरची चूलही नाही. सहा आठवड्यांनी या, तेव्हा दुसरा नमुना घेऊ. बरे झाल्यावरचा."

"मी बरा झालो की सोताच येतो."

"बरे झालात की नाही, ते मी ठरवणार. तुम्ही नाही."

हिंदुरावांनी यावर थोडा विचार केला. मग म्हणाले, "बराबर हाय. पाक झाला का न्हाई त्ये गुळव्यानं ठरवायचं, रसानं न्हाई."

डॉक्टर म्हणतात, इतक्या लवकर समजलेला रुग्ण त्यांनी क्वचित पाहिला होता.

घरी सोडण्याच्या दिवशी त्यांनी रूपालीला पिशवीतून गुळाची लहान ढेप काढायला सांगितली. लेबल लावलेली. ती त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

"मॅडम, तुमी जे रगतात हुडकताय, त्ये हिच्यात हाय. वाचा."

डॉक्टरांनी वाचले आणि त्या हसल्या. "असतं, अण्णा. गुळात थोडं असतं."

"बघ," हिंदुराव सुनेला म्हणाले.

"पण खाल्लेला गूळ फुप्फुसात जाऊन राखण करत नाही," डॉक्टर पुढे म्हणाल्या. "बाहेरून काही देऊन ही राखण भरून काढता येते का, ते आम्हालाही अजून नक्की माहीत नाही. म्हणून तर मोजतोय. तुम्ही तोंडाने ओढायचा पंप घ्या. रोज. बरं वाटलं तरी."

डॉक्टरांनी मला सांगितले, "मी 'असतं' म्हणाले, ते त्यांनी ऐकलं. पुढचं ऐकलं की नाही, मला सांगता येत नाही. मान हलवत होते."

घरी आल्यावर पहिले काही दिवस सगळे ठरल्याप्रमाणे झाले. अक्काताईंनी पाणी तापवायची चूल परड्याच्या टोकाला नेली. स्वयंपाक गॅसवर होऊ लागला. पंप सकाळ-संध्याकाळ रूपाली हातात देई. हिंदुराव ओट्यावर उन्हाला बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून सांगत, "दुसरं रगत द्यायाचं हाय मला. पयलं दुखण्यातलं झालं. आता बऱ्यातलं." सैन्यातल्या मुलालाही त्यांनी फोनवर हेच सांगितले. जणू एखाद्या परीक्षेचा पहिला पेपर झाला होता आणि दुसरा सोपा जाणार होता. खोकला कमी झाला होता. शेजारी एकदा ते हसलेही, असे माझी आई सांगते.

डिसेंबर संपता संपता गुऱ्हाळाचे मालक घरी आले. त्यांच्याकडे नवा गुळव्या होता. त्याची दोन आधणे बिघडली होती, एक करपले, एक घट्ट झाले नाही. संक्रांत तोंडावर होती. वर्षातली गुळाची सर्वांत मोठी मागणी याच दिवसांत असते आणि पुण्याचा खरेदीदार खोकी घेऊन तयार होता. हे बोलणे अंगणात झाले. अक्काताई आणि रूपाली दोघींनी ते ऐकले.

"अण्णा, नुसतं लांब बसा. खुर्ची चुलवाणापासनं दूर ठेवतो. गोळी तेवडी बघा," मालक म्हणाले.

"त्येंला डाक्टरनं धुरात जायाचं न्हाई सांगितलंय," अक्काताई म्हणाल्या.

"वयनी, धूर तिकडं, अण्णा हिकडं."

"धुराला काय दावं बांधलंय व्हय तुमी?"

हिंदुराव बायकोला म्हणाले, "अगं, मला बरं हाय आता. छाती मोकळी झालीया."

रूपाली म्हणाली, "मामा, बरं हाय का न्हाई त्ये मॅडम ठरवणार हुत्या."

"ठरवू दे की. संक्रांत झाली की जातोच. तवर काहिलीवर ताजा गूळ खातो, राखण आनिकच भरंल."

पिशवी भरताना रूपालीने पंप आत घातला. निघताना अक्काताई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "जावा. पर परत येताना आपल्या पायानं या."

पंप घरीच राहिला. दुसऱ्या दिवशी रूपालीला तो देवळीत, लेबलाशेजारी सापडला. तिने महादूच्या फोनवर फोन करून सासऱ्यांना गाठले. त्यांनी सांगितले, की विसरून राहिलेला नाही, मुद्दाम ठेवला आहे. "पंप आन् गूळ, दोन्हींचं काम एकच. एक दुकानातलं, एक आपल्या हातचं. दोन-दोन कशाला?" तिने पंप एका ओळखीच्या टेम्पोवाल्याबरोबर पाठवला. टेम्पोवाला म्हणतो, त्याने तो दिला. महादू म्हणतो, तो वापरताना त्याने पाहिला नाही.

जानेवारीच्या सुरुवातीला त्या भागात अवेळी पाऊस झाला. वाळत टाकलेली चिपाडे भिजली. ओले चिपाड पेटत नाही, नुसते धुमसते, आणि धूर काहिलीच्या काठावरून वर न जाता जमिनीलगत पसरतो. चुलवाण पेटते ठेवण्यासाठी जुन्या टायरचे तुकडे घातले गेले का, याबद्दल दोन वेगवेगळी उत्तरे आहेत. मालक नाही म्हणतात. महादू आणि त्याच्यासोबतचा दुसरा चुलव्या, दोघेही हो म्हणतात. महादू म्हणाला, "अण्णांनीच पयल्यांदा वासावनं वळखलं. म्हनलं, 'रं महादू, ह्ये काय घातलंस? गुळाला वास लागंल.' गुळाला वास लागंल म्हनलं. छातीचं न्हाई काय म्हनलं."

त्या दिवसांत ते नेहमीपेक्षा अधिक गूळ खात होते, हे दोन्ही चुलव्यांनी सांगितले. प्रत्येक आधणाला एका तुकड्याऐवजी दोन. श्वास लागला की काकवी, म्हणजे पातळ पाक, वाटीने. खुर्ची पहिल्या दिवशी लांब होती. पण तिथून त्यांना गोळीचा आवाज नीट ऐकू येईना. त्यांनी ती स्वतः ओढत काहिलीजवळ आणली. एकही आधण बिघडले नाही. पुण्याची खोकी वेळेवर गेली.

दुसऱ्या नमुन्याची वेळ याच आठवड्यात येत होती. रुग्णालयातून फोन आला, तो रूपालीने घेतला आणि सासऱ्यांना निरोप दिला. हिंदुरावांनी महादूच्या फोनवरून स्वतः रुग्णालयात फोन लावला. डॉक्टरांशी त्यांचे बोलणे झाले. डॉक्टरांनी विचारले, कुठे आहात. ते म्हणाले, घरीच. डॉक्टरांना मागून काही आवाज आले, यंत्राचे. त्यांनी पुन्हा विचारले. हिंदुराव म्हणाले, "मॅडम, येवडी संक्रांत हून जाऊ द्या. तिळगूळ घिऊनच येतो."

संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटचे आधण उतरले. हिंदुरावांनी महादूला तुकडा दिला. स्वतःचा तुकडा तोंडात घालताना त्यांचा हात तोंडापर्यंत पोहोचला नाही. या वेळी जीपने कराडला न थांबता थेट सांगली गाठली.

मी सणासाठी गावी आलो होतो. दुसऱ्या दिवशी रूपालीबरोबर रुग्णालयात गेलो. हिंदुराव अतिदक्षता विभागाच्या दाराजवळच्या खाटेवर होते. नाकातोंडावर मास्क, पाठीला तीन उशा. दोन्ही हात खाटेच्या कडांवर टेकून ते पुढे झुकलेले होते. खांदे प्रत्येक श्वासाला वर उचलले जात होते आणि मानेच्या शिरा ताणल्या जात होत्या. रूपालीला त्यांनी ओळखले. मला ओळखले की नाही, ते कळले नाही.

अक्काताई पायाशी उभ्या होत्या. त्या आदल्या रात्रीच आल्या होत्या. हिंदुराव त्यांच्याकडे पाहत होते. एकदा त्यांनी मास्क खाली ओढला आणि म्हणाले, "चूल... पेटिव आता... खुशाल." अक्काताईंनी मास्क पुन्हा नीट बसवला.

थोड्या वेळाने प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ सुई आणि नळी घेऊन आला. त्याच्या हातातला कागद पाहून हिंदुरावांनी दंड आखडून घेतला. त्यांना काही सांगायचे होते. तंत्रज्ञ थांबला. हिंदुरावांनी पुन्हा मास्क सरकवला. शब्द एकेक करून आले.

"ह्ये... दुसरं... न्हवं."

तंत्रज्ञाला अर्थ लागला नाही. त्याने रूपालीकडे पाहिले.

"दुसरं... बरा झाल्याव," हिंदुराव म्हणाले. "ह्ये... पयल्यातच... धरा."

डॉक्टर तोवर आत आल्या होत्या. त्यांनी ते ऐकले. "हो अण्णा," त्या म्हणाल्या. "हे पहिल्यातच धरते."

मग त्यांनी दंड सैल सोडला. रक्त घेतले गेले. आम्हाला बाहेर जायला सांगण्यात आले. दारातून दिसले ते एवढेच, की ते पुन्हा दोन्ही हातांवर पुढे झुकले होते आणि त्यांचे तोंड खिडकीकडे होते.

त्यानंतरच्या सकाळी ते वारले. अंत्यविधी गावी झाला. मुलगा विमानाने पुण्याला आणि तिथून गाडीने आला, पण त्याला उशीर झाला. मालक आणि गुऱ्हाळातले सगळे आले होते. त्या दिवशी गुऱ्हाळ बंद होते.

फेब्रुवारीत मी डॉक्टरांना भेटलो. मी हिंदुरावांबद्दल विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे त्यांनी उत्तर दिले. दोन्ही नमुने आजार भडकलेला असतानाचे होते आणि दोन्हींत राखण खालावलेली होती, दुसऱ्यात अधिक. तुलना करायला बरे असतानाचा तिसरा नमुना नव्हता. अभ्यासाच्या नियमाप्रमाणे त्यांचे नाव वगळावे लागले. अशी वगळलेली नावे आणखीही आहेत का, असे मी विचारले. आहेत, असे त्या म्हणाल्या. बरे झाल्यावरचा नमुना फक्त बरे झालेल्यांचाच मिळतो.

हिंदुरावांचा तसा नमुना घेतला गेलेला नाही.